राजाच्या विदूषकाचे कपडे भाड्यानं पाहिजेत? परभणीतला हा ड्रेपरीवाला बघा

आमच्या शाळेचं गॅदरिंग झाल्यापासून चार-पाच शिक्षकांचे फोन आले की सर ते विदूषकाचे कपडे कुठून आणले, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. दुकान परभणीत आहे, कापड दुकानांच्या गल्लीत आत शिरलं की एका जिन्याखाली, दुकानाला नाव नाही, पत्र्याच्या पाटीवर "ड्रेपरी भाड्याने मिळेल" एवढंच लिहिलंय, रंग उडालाय. बाहेर शिवाजी महाराज, झाशीची राणी, वासुदेव, परी, वाघ हे नेहमीचे ड्रेस टांगलेले दिसतात. खरा माल आतल्या खोलीत पेट्यांमध्ये आहे.

झालं असं की यंदा मी सातवी-आठवीच्या लेकरांसाठी एक नाटक लिहिलं, राजदरबारातल्या विदूषकांवर. युरोपात मध्ययुगात राजे, मोठे सरदार आपल्या पदरी असा माणूस ठेवायचे, त्यानं गायचं, उड्या मारायच्या, नकला करायच्या, पंगतीत राजाजवळ बसून टोमणे मारायचे आणि जे बोलायची प्रधानाची छाती होत नाही ते यानं हसत हसत बोलून टाकायचं. मला हा विषय लई वर्षांपासून मनात होता, कारण आपल्या तमाशातला सोंगाड्या लहानपणी जत्रेत बघितलेला आणि पुढं वाचताना कळलं की अरे हा तर तोच माणूस, फक्त गाव वेगळं. नाटकात चार दरबार, चार विदूषक, आणि सूत्रधार म्हणून आपला संस्कृत नाटकातला विदूषक. राजा एकच पोरगा, प्रत्येक वेळी मुकुट बदलून.

पहिल्यांदा मी मोबाईलवरून एका साईटवर जोकर ड्रेस मागवला होता. आला तो चकचकीत पॉलिस्टरचा, कुरळा विग, नाकाला लाल चेंडू. सरळ परत केला. तो सर्कशीतला जोकर आहे हो, दरबारातला नाही. सर्कस आज आपण जशी बघतो ती लंडनमध्ये १७६८ ला ॲस्टली नावाच्या घोडेस्वारानं सुरू केली, तोंडाला पांढरा रंग फासायची पद्धत ग्रिमाल्डी नावाच्या लंडनच्या विनोदी नटानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाजवली आणि लाल नाक तर त्याच्याही नंतरचं. पत्त्यातला जोकर पण अमेरिकेत १८६० च्या आसपास आलेला. राजाचा विदूषक या सगळ्यांच्या कैक शतकं आधीचा. लेकरांना एकदा चुकीचं दाखवलं की ते डोक्यात तसंच बसतं, म्हणून मी हट्ट धरला.

मग एका जुन्या नाट्यवेड्या मित्रानं हे दुकान सांगितलं. दुकान चालवणारे मामा साठी ओलांडलेले, आधी एका तमाशा फडात कपडेपट सांभाळायचे, नंतर इथं शिलाई मशीन टाकून बसले. मी म्हणलं, "मामा, राजाचा विदूषक पाहिजे." त्यांनी बाहेरचा जोकर ड्रेस काढला. मी म्हणलं हा नाही. मग मोबाईलवर चित्रं दाखवली तर ते चष्मा लावून पंधरा मिनिटं नुसते बघत बसले आणि म्हणाले, "सर, हे कापड साधं दिसायलंय, पण कट अवघड आहे. चार दिवस द्या." तयार ड्रेस काढून द्यायचा आणि पैसे घ्यायचे असा हा माणूस नाही, आणि मी जे काही चांगलं लिहिणार आहे ते इथून सुरू होतं.

आता एकेक ड्रेस सांगतो.

फ्रान्सचा विदूषक. याच्यासाठी दोन रंगांचा अंगरखा पाहिजे होता, अर्धा हिरवा अर्धा पिवळा, टोपीला गाढवाचे कान आणि टोकाला घुंगरं. खरं तर सगळेच विदूषक असे सजायचे असं नाही, इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा विदूषक विल सोमर्स राजघराण्याच्या १५४५ च्या सुमाराच्या चित्रात कडेला साध्याच कपड्यात उभा दिसतो, खांद्यावर माकड. पण स्टेजवर लांबून कळायला पाहिजे म्हणून आम्ही कान आणि घुंगरं ठेवली. मामांनी कान आतून फोमचे केले, कापड सुती, त्यामुळं मान हलवली की कान मागंपुढं होतात पण पडत नाहीत. यावर आमच्या पोराचा अख्खा प्रवेश उभा राहिला. प्रवेश असा, १३४० साली स्लॉइसच्या समुद्रात इंग्रजांनी फ्रान्सचं आरमार बुडवलं, फ्रान्सच्या राजाला, सहाव्या फिलिपला, ही बातमी सांगायला एकही दरबारी पुढं येईना. शेवटी विदूषक गेला आणि म्हणाला असं सांगतात की महाराज, इंग्रज भित्रे आहेत, आपल्या शूर फ्रेंच गड्यांसारखी समुद्रात उडी मारायची त्यांची हिंमतच झाली नाही. आमचा पोरगा हे बोलायच्या आधी मान खाली घालतो, दोन्ही कान पुढं येतात, आणि घुंगरं वाजतात. एवढ्यानंच मंडप गप्प झाला.

पोलंडचा विदूषक, स्टान्चिक. हा माझा सगळ्यात आवडता. पोलंडच्या तीन राजांकडं होता, सोळाव्या शतकात. मातेयको नावाच्या चित्रकारानं १८६२ ला त्याचं एक चित्र काढलंय, मागं मेजवानी चाललीय, नाचगाणं चाललंय, आणि हा लाल कपड्यातला विदूषक एकटाच खुर्चीत बसलाय, चेहरा काळजीनं उतरलेला, टेबलावर स्मोलेन्स्क शहर हातचं गेल्याची चिठ्ठी आणि त्याची ती बाहुलीची काठी खाली जमिनीवर पडलेली. सगळ्या राजवाड्यात राज्याची काळजी एकट्या हसवणाऱ्यालाच. हे चित्र मी मामांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "असा एक सोंगाड्या आमच्या फडात होता. तंबूमागं बसला की असाच बसायचा."

लाल ड्रेस त्यांनी नवीन शिवला, माझ्याकडून शिलाईचे वेगळे पैसे घेतले नाहीत, म्हणाले दुकानात राहील, पुढं कामाला येईल. लाल रंग पण नेमका निवडला, भडक नाही, कुंकवासारखा गडद, आतून अस्तर लावलेलं म्हणून लाईटखाली कापड चमकत नाही. हा रोल एका मुलीनं केला. तिनं तालमीतच विचारलं होतं, "सर, बायका नव्हत्या का यात?" होत्या की. इंग्लंडच्या मेरी राणीकडं जेन नावाची होती, फ्रान्सच्या दरबारात माथुरीन होती. हे ऐकल्यावर ती जी ताठ झाली ती गॅदरिंगपर्यंत. तिच्या प्रवेशात अस्वलाची गोष्ट होती, राजानं शिकारीसाठी पिंजऱ्यातलं अस्वल मुद्दाम रानात सोडलं, ते उलटलं, धांदल झाली, स्टान्चिक घोड्यावरून पडला. राजा त्याला हसला की पळून गेलास मूर्खासारखा. तो म्हणाला, पिंजऱ्यात असलेलं अस्वल बाहेर सोडणं हा त्याहून मोठा मूर्खपणा. आमच्या मुलीनं हे वाक्य राजाकडं न बघता, टोपी काढून हातात धरून म्हणलं. हे मी सांगितलेलं नव्हतं.

काठीचं पण सांगतो. या विदूषकांच्या हातात एक छोटी काठी असायची, टोकाला त्याचंच छोटं मुंडकं, टोपी घातलेलं. विदूषक राजाशी बोलता बोलता त्या मुंडक्याशी बोलायचा, म्हणजे टोमणा काठीनं मारला, मी नाही. ही वस्तू भाड्यानं कुठंच मिळत नाही. मामांनी जुनं लाटणं घेतलं, टोकाला बाहुलीचं डोकं बसवलं, वर लाल कापडाची इवलीशी टोपी आणि एक घुंगरू. पन्नास रुपये घेतले. शाळेत राहिली ती काठी, आता मधल्या सुट्टीत लेकरं तिच्याशी भांडतेत.

तेनालीरामच्या बाबतीत मात्र पहिल्यांदा चूक झाली. मामांनी बिरबलाचा जामा आणि मुघल पगडी काढून ठेवली होती. मी सांगितलं मामा हे दोन वेगळे. बिरबल अकबराकडचा, मोठा मनसबदार माणूस, १५८६ ला लढाईतच मारला गेला. तेनाली रामकृष्ण विजयनगरचा कवी, लोकं त्याला कृष्णदेवरायाच्या दरबारात बसवतात, तो राजा १५०९ ते १५२९ चा. आणि त्या दरबारात उंच निमुळती टोपी घालायचे, कुल्लायी म्हणतात तिला, तिरुमलाला कृष्णदेवरायाचा जो धातूचा पुतळा आहे त्याच्या डोक्यावर आहे बघा. मामांनी पुठ्ठ्याची नळी करून त्यावर जरीचं कापड चढवलं, एका संध्याकाळीत. याच्या जोडीला मी मामांना अजून एक सांगितलं, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं, की या तेनाली रामकृष्णानं तेलुगूत आपल्या पंढरपूरच्या विठ्ठलावर आख्खं काव्य लिहिलंय, पांडुरंग माहात्म्यमु. मामा माळकरी. त्यांनी ती टोपी परत उचलून नीट पुसली आणि मग पिशवीत घातली.

सोंगाड्याच्या ड्रेसमध्ये मात्र मी शिकाऊ आणि मामा उस्ताद. मला वाटलं होतं रंगीत शर्ट, धोतर, तिरकी टोपी झालं काम. ते म्हणाले, "कपडा ढगळ पायजे. हात वर केला की बाही कोपरापर्यंत घसरली पायजे. आणि पोराला सांगा सरदारासमोर ताठ उभा ऱ्हाऊ नको, वाकडा उभा ऱ्हा, राजाला वाटलं पायजे हा नमस्कार करायलाय आणि लोकायला वाटलं पायजे हा मापं घ्यायलाय." दुकानात मधोमध उभं राहून करून दाखवलं. गण, गौळण, बतावणी झाली की वग लागतो, त्यात राजा गंभीर बोलतो आणि हा शिपाई किंवा हवालदार बनून त्याच्या प्रत्येक हुकमाला गावातलं उत्तर देतो, टँकरचं, लाईटचं, सोयाबीनच्या भावाचं. हे सगळं लिहून ठेवलेलं नसायचं म्हणे, गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर बसून सोंगाड्या आधी माहिती काढायचा की इथं सध्या कशाची बोंब आहे.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही आणि ते पण लिहितो. सूत्रधार विदूषकासाठी मामांनी कापसाचं कुबड काढलं. नाट्यशास्त्रात विदूषक बुटका, कुबडा, टक्कल पडलेला, दात पुढं आलेला असा सांगितलाय, म्हणजे मामांचं शास्त्राला धरून होतं. पण मी नको म्हणलं. युरोपात पण पदरी ठेवलेल्यांत दोन तऱ्हा होत्या, एक कला शिकून आलेले, आणि दुसरे खरंच मंदबुद्धी किंवा शरीरानं वेगळे असलेले. दुसऱ्यांना खायला-प्यायला, कपडालत्ता मिळायचा पण त्यांच्या असण्यालाच लोकं हसायची. आमच्या शाळेत पायानं अधू असलेला एक मुलगा आहे. त्याच्यासमोर मी कुबड लावून हशा घेणार नव्हतो, आणि तमाशातल्या पेंद्याचं लंगडणं पण मी काढून टाकलं. मामांना हे आधी पटलं नाही, म्हणाले जुनं आहे, चालत आलंय. शेवटी आम्ही टक्कलाची टोपी आणि वाकडी काठी एवढंच घेतलं, ती काठी ब्रह्मदेवानं विदूषकाला दिली असं नाट्यशास्त्रात आहे, कुटिलक नाव तिचं. आणि भाषा दिली, कारण संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि हा ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो, राजाला महाराज न म्हणता वयस्य म्हणजे मित्रा म्हणतो. आमचा सूत्रधार अस्सल परभणीचं बोलला, "काहून रे मित्रा, काहून रुसलास?" आणि राजा पुस्तकी. लोकं जोरात हसली, आणि कुणाच्या पाठीला हसली नाहीत.

तालमीत लेकरांना सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र नाटकात घेता आली नाही. बाराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाकडं रोलंड नावाचा माणूस होता, त्याला सफोक भागात हेमिंगस्टोन गावची तीसेक एकर जमीन होती, आपल्याकडं देवस्थानच्या सेवेला इनाम असतं तशी. सेवा काय, तर दर नाताळला राजापुढं एक उडी, एक शीळ आणि एक पाद. दप्तरात नोंद आहे. मुख्याध्यापक म्हणाले पालक बसलेले असतात, नको. ठीक आहे, पण मी वर्गात सांगितलीच, कारण त्या काळी हसवण्याला काय मोल होतं हे तीस एकर ऐकल्याशिवाय आमच्या शेतकऱ्याच्या लेकरांना कळत नाही. आणि हे काही फक्त तिकडंच नव्हतं, चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या दौलताबादला आला होता, त्यानं लिहिलंय की इथं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक वेगळा बाजारच आहे, तरबाबाद नावाचा, मधोमध घुमट, तिथं दर गुरुवारी कलावंतांचा प्रमुख येऊन बसतो. आम्ही सहलीला दौलताबादला जातो, किल्ला चढतो, तोफ बघतो आणि परत येतो, या बाजाराचं नाव कुणी काढत नाही.

आता मला हे कपडे एवढे महत्त्वाचे का वाटले ते सांगतो. विदूषकाचा ड्रेस म्हणजे परवाना आहे. घुंगरं वाजली की सगळ्यांना कळतं की आता जो बोलेल त्याचं मनावर घ्यायचं नाही, आणि म्हणूनच तो खरं बोलू शकतो. इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सच्या दरबारात आर्ची आर्मस्ट्राँग नावाचा विदूषक होता, त्यानं आर्चबिशप लॉडला, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या धर्मगुरूला, तोंडावर विचारलं की आता मूर्ख कोण. त्याला शिक्षा दिली ती अशी की त्याचा अंगरखा डोक्यावरून ओढून काढायचा आणि दरबाराबाहेर घालवायचा. आधी कपडा काढला, मग माणूस काढला.

आमच्या सोंगाड्या झालेल्या पोरानं दिवाळीच्या आधी परिपाठात उभं राहून विचारलं होतं की मुतारीच्या नळाला पाणी कधी येणार, तेव्हा त्याला खाली बसवलं होतं. गॅदरिंगला त्यानं तेच वाक्य घातलं, माझ्या संहितेत नव्हतं. राजानं हुकूम सोडला, राज्यात कारंजी बांधा. हा वाकडा उभा राहून, बाही कोपरापर्यंत घसरलेली, म्हणाला, "व्हय महाराज, कारंजी बांधू, पर आधी त्या मुतारीच्या नळाला दोन थेंब सोडा, लेकरं घरी पळायलीत." समोर पहिल्या रांगेत सरपंच, शाळा समिती, केंद्रप्रमुख सगळे बसलेले. सगळे हसले, सरपंच तर टाळी देऊन हसले, आणि मग हसता हसता एकमेकांकडं बघायला लागले. पोराला कुणी एक शब्द बोललं नाही. नळाचं काम झालं का विचाराल तर अजून झालेलं नाही, पाइप येऊन पडलेत. पण त्या रात्री ते वाक्य दोन-अडीचशे लोकांसमोर बोललं गेलं आणि मी विंगेत उभा राहून ऐकलं.

तर हिशोब. भाडं एका ड्रेसचं दोनशे रुपये, दोन दिवसांसाठी, रंगीत तालमीचा दिवस धरून. डिपॉझिट सगळ्यांचं मिळून हजार, पूर्ण परत मिळालं. फ्रान्सच्या टोपीची तीन घुंगरं स्टेजवर तुटून पडली, मी पैसे देत होतो तर मामा म्हणाले दोरा माझाच कच्चा होता. तेवढा एक दोष खराच आहे, घुंगरं साध्या दोऱ्यानं लावतात, नेल्यावर घरी नायलॉनच्या दोऱ्यानं परत टाचून घ्या. डांबरगोळ्यांचा वास लई असतो, एक दिवस वाऱ्यावर टाकावे लागतात, आमच्या एका मुलीला शिंका सुरू झाल्या होत्या. बूट त्यांच्याकडं नाहीत, आम्ही साध्या मोज्यांना पुढं कापूस भरून टोकं केली, चाललं. लहान मापात माल कमी, पाचवीच्या खालच्या लेकरांसाठी जाणार असाल तर पोरगं सोबत न्या, मामा जागेवर टाके घालून देतात. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं, दुपारी दोन ते चार बंद. यूपीआय चालतं, त्यांची सून बघते ते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. डिसेंबर-जानेवारीत गर्दी असते, सगळ्या शाळांचं गॅदरिंग एकदमच येतं, म्हणून निदान पंधरा दिवस आधी जाऊन मापं देऊन या आणि सोबत चित्रं न्या, नुसतं तोंडी सांगू नका. लाल ड्रेस आता आतल्या खोलीत खिडकीखालच्या पेटीत असतो. बाहेर टांगलेला लाल नाकाचा जोकर बघून दारातूनच परत फिरू नका, मामांना म्हणा पोलंडचा दाखवा.